परीगाव उभारणाऱ्या हातांचे आभार

दिवाळीनंतर आमच्या बालवाडीच्या अंगणातील मातीचा किल्ला न मोडता त्याचे परीगाव करायचे, असे मुलांनी ठरवले, तेव्हा जरीच्या जुन्या किनारी, नारळाच्या करवंट्या आणि पतंगाचा कागद दारात ठेवून गेलेल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून देणाऱ्या आजींचे ऋण विशेष आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांची बोटे सतत तोंडात जातात, त्यामुळे बाजारच्या गोंदापेक्षा ती खळच आम्हांला निर्धास्त वाटली. बांबूच्या कामट्या तासून, त्यांची टोके घासून पंखांचे सांगाडे करून देणाऱ्या काकांनी आपले नावही सांगितले नाही. एरवी गप्प बसणारी एक मुलगी ते पंख लावून करवंटीच्या घरातील परीशी अर्धा तास बोलत होती, हे त्यांच्यापर्यंत पोहोचावे.