कर्ण मोजल्याशिवाय प्लॉटचे क्षेत्रफळ सांगू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा भाचा शहरालगतच्या एका प्लॉटचा कागद घेऊन माझ्याकडे आला. कागदावर हाताने काढलेला वाकडातिकडा चौकोन, चार बाजूंवर चार मापे, आणि खाली मध्यस्थाने मांडलेला हिशेब होता: पूर्व आणि पश्चिम बाजूंची सरासरी, उत्तर आणि दक्षिण बाजूंची सरासरी, दोहोंचा गुणाकार, म्हणून इतके चौरस फूट आणि इतके पैसे. कर्ण किती भरला, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, कर्ण कोण मोजतं?” सरासरीची ही रीत सर्रास चालते, ती चुकते, आणि चुकते तेव्हा नेमकी घेणाऱ्याच्याच अंगावर येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

भाच्याच्या प्लॉटची मापे खासगी असल्याने ती न देता, मी वर्षानुवर्षे वर्गात फळ्यावर मांडत आलो तो चौकोन घेतो. दक्षिणेची बाजू 60 फूट, पश्चिमेची 52, उत्तरेची 25 आणि पूर्वेची 39. सरासरीच्या रीतीने 42.5 गुणिले 45.5, म्हणजे 1933.75 चौरस फूट होतात. आता नैऋत्य कोपऱ्यापासून ईशान्य कोपऱ्यापर्यंत फीत धरली आणि कर्ण 63 फूट भरला, तर चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. तिन्ही बाजू ठाऊक असल्या की आठवीत शिकवले जाणारे हीरोचे सूत्र लागू पडते: 52, 25, 63 या त्रिकोणाचे 630 आणि 39, 60, 63 या त्रिकोणाचे 1134, मिळून 1764 चौरस फूट. तोच कर्ण 63 ऐवजी 70 फूट भरला, तर चारही बाजू जशाच्या तशा असूनही क्षेत्रफळ सुमारे 1687 वर येते. गंमत अशी की, या चार बाजूंच्या चौकोनाचे क्षेत्रफळ 1764 च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे मध्यस्थाच्या कागदावरचे 1933 फूट या पृथ्वीतलावर कोठेच नाहीत. चौरस फुटाला दीड हजार रुपये भाव धरला, तर नसलेल्या जमिनीचे अडीच लाखांहून अधिक रुपये मोजावे लागतील.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. दोन लगतच्या बाजू आणि त्यांच्यामधला कोन यांनी होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्या बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्यापेक्षा कधीही जास्त नसते, आणि बरोबर निम्मे असते ते फक्त कोन काटकोन असेल तेव्हा. सरासरीची रीत चारही कोपरे काटकोनात आहेत असे गृहीत धरते. त्यामुळे आयत सोडला, तर ती प्रत्येक चौकोनाला फुगवूनच दाखवते, आणि प्लॉट जितका तिरपा तितकी फूग मोठी. चारही बाजू 33 फूट असलेला प्लॉट एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, असे कोणीही तोंडावर सांगेल. पण तो कलता असून त्याचा एक कर्णही 33 फूटच भरला, तर हाती जेमतेम 943 फूट येतात. परिमिती मात्र दोन्ही वेळा 132 फूटच, काटेरी तारही तेवढीच लागते, म्हणून कुंपण घालून झाले तरी कोणाला शंका येत नाही.

हे ज्ञान नवे नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये सरासरीची हीच रीत दिली, पण तिला स्वच्छपणे ‘स्थूल’ म्हटले आणि सूक्ष्म फळाची रीत वेगळी सांगितली. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त याहून कडक भाषा वापरली: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा तर त्याहून मोठा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आमच्याच तालुक्यात पाटण येथे आहे, आणि आम्ही मात्र बिनकर्णाचे कागद खिशात घालून फिरतो.

दोष केवळ मध्यस्थांचा नाही. आठवीच्या गणितात समलंब चौकोन आहे, हीरोचे सूत्र आहे, अनियमित आकाराच्या जागेचे त्रिकोण पाडणेही आहे. परंतु उदाहरणात कर्ण आणि लंब आयते छापून दिलेले असतात. जागेवर उभे राहून काय मोजायचे, हा खरा प्रश्न विद्यार्थ्यासमोर कधी येतच नाही. मी स्वतःही नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मुलांना फळ्यापलीकडे नेले नाही, हे कबूल करतो. शाळेच्या आवारातला एखादा वाकडा कोपरा, चार खुंट्या, सुतळी आणि पन्नास फुटी फीत एवढ्यावर एका तासात हा धडा होतो. शिक्षण विभागाने तो प्रात्यक्षिक म्हणून सक्तीचा करावा. तसेच मोजणीचा अधिकृत नकाशा समोर नसेल, तेव्हा व्यवहाराच्या कागदावर चतुःसीमा आणि बाजूंबरोबर निदान एका कर्णाचे माप लिहिण्याची पद्धत दस्तलेखकांनी पाडावी.

भाच्याला घेऊन मी रविवारी जागेवर गेलो. एका कर्णाच्या वाटेत बाभूळ आडवी आली, म्हणून दुसरा मोजला. कोणताही एक चालतो. क्षेत्रफळ कागदावरच्यापेक्षा कमी भरले. मध्यस्थ आधी म्हणाला, “सगळे असंच मोजतात,” आणि मग त्याने फीत मागून घेऊन तोच कर्ण स्वतः दोनदा मोजला. किंमत आता नव्या आकड्यावर ठरते आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, चाळीसगाव