पिंजऱ्यातल्या पिल्लाची खतावणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्याचं पिल्लू झोपायच्या जागी घाण करत नाही, पिंजऱ्यात ठेवा म्हणजे आपोआप सवय लागते, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मी दोन महिने पोतेऱ्यानं पुसला आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. जूनमध्ये नातीच्या हट्टापायी लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला, दोन महिन्यांचं आहे, मोठी जात आहे, पिंजरा मोठाच न्या. नेला. बुंदी (नाव नातीचं) एका टोकाला झोपायची आणि दुसऱ्या टोकाला कार्यक्रम उरकायची. शेजारी म्हणाले, जागा जास्त झाली. मग तासगावच्या पाहुण्यांनी पाठवलेलं द्राक्षांचं रिकामं क्रेट आत आडवं लावलं आणि तिला उठून वळता येईल एवढीच जागा ठेवली. सकाळी बघतो तर त्यातच केलेलं, आणि त्यातच मुटकुळं करून झोपलेली. पोटाखालचे केस पिवळे, खालचं गोणपाट पिळलं तर थेंब पडतील असं ओलं, आणि ही घोरतेय. माझा पारा चढला. कुणीतरी सांगितलं होतं, नाक घासा. घासलं, एकदाच. त्या दिवसापासून ती धुण्याच्या दगडाआड जाऊन करायला लागली. म्हणजे शिकली एवढंच, की म्हाताऱ्यादेखत करायचं नाही.

शेवटी सवयीप्रमाणे वही काढली. एक जुनी खतावणी कोरी पडून होती. डावीकडे जमा : पाणी, दूध, खाणं. उजवीकडे नावे. एका पानावरची नोंद अशी : ‘पहाटे ५.१० शू, अंगणात. ६.४५ दूधभात. ७.०५ शी, पिंजऱ्यात. ९.३० जाग. ९.३२ शू, पिंजऱ्यात.’ आठ दिवसांत मेळ बसला. खाल्ल्यावर वीस मिनिटांत, जाग येताच, खेळ थांबताच, आणि रात्री अडीच ते साडेतीनच्या दरम्यान.

वही घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी आधी बुंदीचं तोंड उघडून दात पाहिले. म्हणाल्या, ‘‘काका, आणलं तेव्हा हे दोन महिन्यांचं नव्हतं. पाचेक आठवड्यांचं असणार.’’ लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, तेही तपासलं. जंताचं औषध दिलं, दूध बंद केलं. गाईच्या दुधानं पिल्लाला ढाळ लागू शकते, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. मग त्यांनी विचारलं, दुकानात कशात ठेवलं होतं? तारेच्या खुराड्यात, सहा पिल्लं एकत्र, खाली वर्तमानपत्र. (आपलंच असावं. क्षमस्व.)

तिथंच गोम होती. सुरुवातीला आई पिल्लांना चाटून साफ ठेवते. तीनेक आठवड्यांची झाली की ती आपणहून अंथरुणापासून सरकून करायला लागतात. खुराड्यात कोंडलेल्यानं सरकायचं कुठं? तिथंच खायचं, तिथंच करायचं, तिथंच लोळायचं. मग घाणीचं काही वाटेनासं होतं. बुंदीच्या लेखी पिंजरा म्हणजे संडासच होता, त्याला मी लहान केलं काय आणि मोठं केलं काय!

पंधरा दिवस पिंजऱ्याचा वापरच बंद. दिवसा तिचा पट्टा माझ्या खुर्चीला, दर दोन तासांनी बाहेर, रात्री अडीचचा गजर. लसी पुऱ्या झाल्या नव्हत्या आणि पार्व्होची (पिल्लांच्या जिवावर बेतणारा संसर्गजन्य रोग) धास्ती, म्हणून रस्त्यावर न नेता अंगणातच जास्वंदीखाली. केलं की तिथल्या तिथं उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात येऊन दिला तर कशाबद्दल मिळाला ते तिला कळत नाही. गोणपाट फेकून दिलं. पिंजरा फिनेलनं धुणं सोडलं. त्या वासानं आपलं नाक फसतं, तिचं नाही. लघवीचा वास मुळातूनच मोडणारं एन्झाइमचं द्रावण आणून धुतला. नंतर दार उघडं ठेवून जेवणाची ताटली आत सरकवली. जेवायच्या जागी तिनं पुन्हा केलं नाही. ‘‘पोरांच्या वेळी एवढ्या रात्री उठला असता तर!’’ ही सौभाग्यवतींची टिप्पणी. रास्त आहे.

राग आहे तो वेगळाच. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. मी दुकानदाराला ते सांगायला गेलो, तर म्हणाला, ‘‘काका, लहान असतंय तोवरच गोड दिसतंय. मोठं झाल्यावर गिऱ्हाईक कुठलं?’’ दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा धंदा त्या एकट्याचा नाही. आमच्या विश्रामबागेतल्या एका घरानं याच पावसाळ्यात ‘घाण करतंय’ म्हणून चार महिन्यांचं पिल्लू हरिपूर रस्त्याला सोडून दिलं. तेही खुराड्यातलंच होतं. पिल्लांचे गोंडस फोटो आपण छापता, त्याखाली हा आठ आठवड्यांचा नियमही एका ओळीत छापावा, ही विनंती. आणि घेणाऱ्यानं दुकानात आधी खुराड्याचा तळ बघावा, मग डोळे.

खतावणी अजून चालू आहे. मागच्या महिन्यात पिंजऱ्याच्या नावे एकच रक्कम पडली, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांच्या माळा लागल्या तेव्हा. ती मी धरलेली नाही.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
विश्रामबाग, सांगली