बुधवारचं खरं काय ते

तीर्थरूप आई-आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं ते अर्धंच होतं. "विमानात जरा बिघाड झाला, खाली उतरवलं" म्हणाले, पण कुठे उतरवलं ते गिळलं. धावपट्टीवर नाही, सोयाबीन काढलेल्या रानात. काकांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ यायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. मला काही लागलेलं नाही. आई, खरंच नाही. गुडघा खरचटलाय, तोही नंतर बांधावर धडपडले तेव्हा.

आप्पा, तुम्हाला हे लगेच कळेल. मी शिकते त्या छोट्या विमानाला, सेसना १५२ ला, तुमच्या जुन्या स्कूटरसारखाच कार्बोरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना, पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान वीसेक अंशांनीसुद्धा उतरतं. बाहेर घाम येत असला तरी दमट हवेत आत बर्फ धरतो. त्यावर उपाय म्हणजे कार्ब हीटचा दांडा ओढून गरम हवा आत घ्यायची. मी ओढला, पण उशिरा. इंजिनाचे फेरे उतरत होते आणि मी थ्रॉटल, म्हणजे तुमचा अ‍ॅक्सिलरेटरच, पुढे सारत बसले. इंजिन थंडावल्यावर गरम हवा आणायची कुठून? ही चूक माझी. नंतर मेकॅनिकने चालू करून पाहिलं तर पहिल्याच झटक्यात सुरू! तोवर बर्फ वितळून गेलेला.

आई, इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. ६० नॉटचा, म्हणजे ताशी ११० किलोमीटरचा वेग धरला की दर हजार फुटांमागे अडीच किलोमीटर तरी तरंगतं. मी जमिनीपासून ३००० फुटांवर होते, म्हणजे चार मिनिटं हातात. तेवढ्यात तुझ्या दोन भाकऱ्या होतात. खाली सगळा ऊस. वरून गादीसारखा दिसतो, पण त्यात उतरलं तर विमान उलटायची भीती. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. ते रान मोकळं दिसलं. रेडिओवर तीनदा "मेडे" म्हणजे संकटाची हाक दिली, पेट्रोल बंद, मास्टर स्विच बंद, आणि दार आधीच उघडून ठेवलं, चेंबलं तर आत अडकायला नको. स्वारगेटच्या गाडीत बॉनेटवर बसले की "दाराला टेकू नको" म्हणून ओरडायचात ना आप्पा, नेमकं तेच आठवलं.

आता मुख्य गोष्ट. मी थांबणार नाही. सोमवारी इन्स्ट्रक्टरांबरोबर एक फेरी मारून आले, शनिवारपासून पुन्हा एकटी. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांतले १३८ झालेत. माझ्या शिकण्यापायी मळ्याचा तुकडा गेला, त्याच्या ओझ्याने म्हणत नाही हे. ते ओझं आहेच, पण त्यासाठी नाही. खंबाटकी घाटात तुमच्या गाडीचं झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही सकाळी सहाची ड्युटी घेतलीत आप्पा. आई चार दिवस बोलली नव्हती, आणि मी तुमच्या बाजूने होते. आई, तेव्हा तुला काय झालं असेल हे मला आत्ता कळतंय. तरी जाणार आहे. रागव, पण चार दिवस नको.

इथे सगळं ठीक आहे. सकाळी गरम पाणी येतं, मेसचं वरण पातळ असलं तरी भात चांगला असतो, तुझी शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी आहे. पहिल्या दोन रात्री झोप लागली नाही. आता लागते.

आप्पा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. यवतेश्वरचा चढ पहाटे एकट्याने चढायचा नाही, शेजारच्यांना बरोबर घ्यायचं. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आणि मी उडते तेवढा वेळ देवापुढे मांडी घालून बसू नकोस, तुला उठता येत नाही. खुर्ची घे, देवाला चालतं. नवस बोलली असशील तर आधी मला सांग. अनवाणी कुठेही जायचं नाही.

दिवाळीला चार दिवस येतेय.

तुमची,
ताई

ता. क. रानाचे मालक धावत आले. आधी "एकटीच?" आणि मग "कुणाची गं तू?" साताऱ्याच्या एसटी ड्रायव्हरची म्हटल्यावर म्हणाले, "मग बरोबर उतरवलीस." जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. दोन भाकरी खाल्ल्या, आई.