स्थलांतरितांवरचं नृत्य : मधला वाकलेला माणूस पुरे झाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परप्रांतीयांबद्दलचा आकस आणि चेहऱ्यामोहऱ्यावरून होणारी हेटाळणी हे विषय महाविद्यालयीन मुलं स्पर्धांमध्ये समकालीन नृत्यातून मांडतात, ही फार चांगली गोष्ट आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्या आणि बंगळुरू, पुण्यातून ईशान्य भारतातले हजारो तरुण मिळेल त्या गाडीने गावी निघाले. त्यामुळे विषय आपल्या दारातलाच आहे. मांडणी मात्र ठरीव झाली आहे : मधोमध वाकलेला एक जण, भोवती ढकलणारे चौघे, लाल प्रकाश, शेवटी हातात हात. प्रेक्षक हळहळतो आणि स्वतःला त्या चौघांत मोजत नाही.

नर्तक-नृत्यदिग्दर्शक अक्रम खान आणि सिदी लार्बी शेरकावी यांचं २००५ मधलं 'झिरो डिग्रीज' हे दोघांचं नृत्य इथे अभ्यासावं. बांगलादेशातून भारतात येताना सीमेवर अक्रम यांचा पासपोर्ट एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तो कागद नसेल तर आपण कोण, ही धास्ती ते सांगतात. पण सांगतात दोघं मिळून : शेजारी मांडी घालून, तेच शब्द, तेच अडखळणं, हातांच्या त्याच हालचाली. एक बांगलादेशी वंशाचा ब्रिटिश, दुसरा मोरोक्कन वडिलांचा बेल्जियन. अनुभव नेमका कोणाचा, हे डोळ्यांना ठरवता येत नाही आणि 'आपले-परके' ही वाटणी तिथेच डळमळते.

हे तंत्र मुलांना जमण्यासारखं आहे. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याच्या परवानगीने दीड मिनिटाचं बोलणं मोबाइलवर चित्रित करा. 'म्हणजे', 'ते हे' यांसकट शब्दशः उतरवा. आधी फक्त श्वासाच्या जागा पाठ करा, मग हात, शब्द शेवटी. दोघांचा मेळ हमखास बिघडतो, कारण एक जण दुसऱ्याकडे बघून मागोमाग करतो आणि अर्धी मात्रा मागे पडतो. तोंडं प्रेक्षकांकडे ठेवून, निम्म्या लयीत, श्वासाच्या खुणेवर तालीम घेतली की ते सुटतं. खाली ठेका लावू नका. ठेक्यावर बसवलं की अडखळणं साफ होतं, आणि खरेपणा त्या अडखळण्यातच असतो.

बोलण्याची लकब घ्यायची, हेल नाही. भोजपुरी हेल काढला की सभागृह हसतं आणि प्रयोग उलट्या बाजूला जातो. ईशान्येचा माणूस दाखवायला डोळे काजळाने ओढणं, मजूर दाखवायला चेहरा काळवंडवणं हे तर पूर्ण बंद व्हायला हवं. ज्याच्याविरुद्ध उभं राहायचं तेच आपण रंगवत असतो.

प्रकाशयोजनेतही हा भेद नकळत शिरतो. समोरच्या दिव्यांचा जोर गोऱ्या चेहऱ्यावरून ठरवला की सावळी मुलं मागच्या काळ्या पडद्यात विरघळतात. समोरचा प्रकाश निम्म्यावर आणा. दोन्ही विंगांतून गुडघ्याखाली, कमरेला आणि डोक्याच्या उंचीवर साइड लाइट लावा, मागून थोडा प्रकाश द्या, म्हणजे प्रत्येक शरीराची कड सुटी दिसते. जोर ठरवताना सर्वांत सावळ्या कलाकाराला उभं करा. गडद तपकिरी आणि मरून कपडे टाळा.

गट मोठा असेल तर नृत्यदिग्दर्शक क्रिस्टल पाइट यांचं 'फ्लाइट पॅटर्न' (लंडन, २०१७) पाहावं. निर्वासितांवरच्या या नृत्यात ३६ नर्तक जाड कोटांत एकमेकांना चिकटून रांगेने सरकतात. पुढे ते कोट एकीच्या हातांवर साचत जातात. कोणी कोणाला ढकलत नाही, तरी ओझं दिसतं.

आयोजकांना विनंती : प्रत्येक संघाला दिवे लावून पाहायला किमान वीस मिनिटं द्या. आणि परीक्षकांनी हेटाळणीचा अभिनय किती हुबेहूब झाला यावर गुण देणं थांबवावं. त्या गुणांसाठीच पुढच्या वर्षीचा संघ पुन्हा काजळाची डबी उघडतो.

आपले,
समकालीन नृत्य शिकवणारे काही कलाकार, पुणे