डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आणि वहिनींचं विसरणं

प्रिय दिन्या,

वहिनींच्या एमआरआय रिपोर्टचा फोटो मिळाला. 'लेफ्ट मेसिअल टेम्पोरल स्क्लेरोसिस' वाचून तू हादरलायस ते कळतंय, फोनवर हे सगळं नीट बोलता येणार नाही म्हणून लिहायलाच बसलो.

आधी एक, हा ट्यूमर नाही. कानाच्या आतल्या अंगाला मेंदूचा टेम्पोरल लोब असतो, त्याच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस, दोन्ही बाजूंना एकेक. वहिनींच्या डाव्या हिप्पोकॅम्पसमधल्या बऱ्याच पेशी मेल्यात, तो आक्रसलाय आणि तिथे व्रण धरलाय, आणि फिट तिथूनच सुरू होतात. सासूबाईंना विचार, लहानपणी तापात आकडी आली होती का, बराच वेळ चाललेली, कारण अशा पेशंटमध्ये बऱ्याच जणांची ती हिस्टरी निघते. (तापात फिट आलेल्या बहुतेक पोरांना पुढे काहीच होत नाही, म्हणून चिंटूची काळजी करत बसू नकोस.)

पोटातून काहीतरी वर चढतं, हे सगळं आधी घडलंय असं वाटतं, असं त्या म्हणायच्या आणि तुम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत होतात, ती खरं तर फिटची सुरुवात होती. मग टक लावून बघणं, ओठ चपचप करणं, ओढणी चिवडत राहणं, मिनिट दोन मिनिटं, नंतर थोडा वेळ गोंधळलेल्या. आपल्याकडे फिट म्हणजे हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढंच माहीत, त्यामुळे हे कुणाला फिट वाटतच नाही, कुणी बाहेरचं म्हणतं, कुणी नाटक म्हणतं.

आता विसरण्याबद्दल, कारण तू त्यावरून चिडतोस ते मी बघितलंय. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलायसन नावाच्या २७ वर्षांच्या माणसाच्या फिट थांबाव्यात म्हणून सर्जन स्कोव्हिलने दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट खूप कमी झाल्या पण २००८ मध्ये जाईपर्यंत त्याला नवीन काही लक्षात ठेवता आलं नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, रोज हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय! म्हणजे हाताला आलेलं वेगळीकडे साठतं, पण काल कोण आलं, काय बोललं, ते साठवायला हिप्पोकॅम्पसच लागतो. आणि डावा बहुतेकांमध्ये शब्दांचा, म्हणजे नावं, निरोप, बोलणी. वहिनींचा नेमका तोच दुखावलाय रे. निरोप विसरल्या तर तो निष्काळजीपणा नाही, त्यांना लिहून दे, आणि पोरांसमोर 'सांगितलं होतं ना' म्हणू नकोस.

ही त्यांची दुसरी गोळी ना? नीट निवडलेल्या दोन गोळ्या पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट येत राहिल्या तर तिसरीने थांबण्याची शक्यता फार कमी असते, तेव्हा गोळ्या बदलत वर्षं घालवायची नाहीत, ऑपरेशनचा विचार करायचा, हेन्रीसारखं दोन्ही बाजूंचं नाही, फक्त दुखावलेल्या बाजूचा भाग काढायचं. २००१ मध्ये कॅनडात ८० पेशंटवर अभ्यास झाला, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना गोळ्या, वर्षाने शुद्ध हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले ऑपरेशनवाल्यांत ५८ टक्के, गोळ्यावाल्यांत ८. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा हॉस्पिटलमध्ये ही ऑपरेशनं १९९५ पासून होतात, माझ्या भावाचं तिथेच झालं. त्याच्या फिट थांबल्या, पण त्याचीही डावी बाजू, अजून नावं आठवायला अडखळतो, हे तुला न सांगता मी नुसतं 'करून टाका' म्हणणार नाही. आधी व्हिडिओ ईईजी (फिटचं शूटिंग आणि मेंदूच्या लहरींची नोंद एकाच वेळी) आणि स्मरणशक्तीच्या टेस्ट होतात, उजवी बाजू किती सांभाळून घेईल ते बघतात, मग ठरवतात.

तोवर गोळी एक दिवसही चुकवायची नाही. फिट आली की कांदा, चप्पल, तोंडात चमचा काही नको, कुशीवर वळव, घड्याळ बघ, पाच मिनिटांवर गेली तर सरळ हॉस्पिटल. आणि जमलं तर मोबाईलवर शूट कर, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. एमआरआयची सीडीपण मागून घे, नुसत्या कागदावर भागत नाही. रविवारी फोन करतो, वहिनींनाही बोलायचं असेल तर भावाला सोबत बसवतो.

तुझा,
सुन्या