शाळेच्या बैठकीतला आपला माणूस

महोदय,

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांतील मुलांना विशेष शिक्षणाची गरज आहे, त्यांच्यासाठी हे पत्र. तेथील 'आयडिया' या अपंग मुलांच्या शिक्षणविषयक कायद्यानुसार सरकारी शाळेला अशा प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे 'आयईपी', करावा लागतो आणि त्या बैठकीला मुलाची माहिती असलेली किंवा विषयातली जाणकार व्यक्ती सोबत नेण्याचा पालकांना हक्क असतो. मात्र पैसे घेऊन अशी सोबत करणारी, 'ॲडव्होकेट' म्हणवणारी मंडळी बहुधा वकील नसतात, आणि या कामासाठी देशपातळीवरचा कोणताही परवाना नाही. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते.

आम्ही भेटलो त्या पहिल्या गृहस्थांनी मुलाचे नाव विचारण्याआधी तासाचा दर सांगितला आणि शाळेला धडा शिकवू, असे आश्वासन दिले. दुसऱ्या बाईंनी त्याची वही मागितली, खोडरबराने फाटलेले पान बराच वेळ पाहिले आणि मूल्यमापनाचा अहवाल पूर्ण वाचल्याशिवाय मत देण्यास नकार दिला. आम्ही अर्थातच त्यांना निवडले.

पैसे मोजण्यापूर्वी आपल्या राज्यातील पालक प्रशिक्षण व माहिती केंद्राकडे जरूर जावे. असे किमान एक केंद्र प्रत्येक राज्यात असून तेथील मार्गदर्शन विनामूल्य असते. इंग्रजी अडत असल्यास बैठकीसाठी दुभाषा मागावा, कारण त्याची व्यवस्था शाळेनेच करायची असते. संकोचापायी आम्ही तो वर्षभर मागितला नाही आणि आजी प्रत्येक बैठकीत नुसती मान हलवत राहिली.

— एक पालक, न्यू जर्सी