बाळाची कारसीट नीट बसली आहे का, हे कोण पाहणार? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : मागे तोंड करून बसवायच्या बालआसनाची जोडणी तपासून देणारी व्यवस्था उभारण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

२०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार, चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने किंवा बालसुरक्षा आसनाने न बांधता गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड होतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेली ही तरतूद योग्यच आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. गाडीत आसन असावे, एवढे कायद्याने सांगितले. पण ते आसन सीटला घट्ट जखडले गेले आहे का, बाळ त्यात योग्य कोनात आणि योग्य दिशेने बसले आहे का, हे पालकांना दाखवून देण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत सगळी सुरक्षितता नेमकी त्या जोडणीत असते.

मी पुण्यात वाहन अभियंता म्हणून काम करतो. नातेवाईक आणि शेजारीपाजारी यांच्या गाड्यांत कारसीट बसवून देण्याचे काम गेली काही वर्षे आपसूकच माझ्याकडे आले आहे. शिकलेले, काळजी घेणारे आणि चैन म्हणून नव्हे तर गरज म्हणून हजारो रुपये खर्च करणारे हे आईवडील असतात. तरीही त्यांनी स्वतः बसवलेले आसन पहिल्या प्रयत्नात बरोबर असल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. यात त्यांचा आळस किंवा अडाणीपणा नाही. अमेरिकेत, जिथे हे आसन अनेक दशके वापरात आहे, तिथेही सरकारी पाहणीत जवळजवळ निम्मी आसने चुकीच्या पद्धतीने वापरली जात असल्याचे आढळले आहे. मग जिथे दाखवून देणारे कोणीच नाही, तिथे काय होत असेल याचा अंदाज आपणही करू शकाल.

बाळाचे तोंड मागे का असावे, हा प्रश्न मला प्रत्येक घरातली आजी विचारते, म्हणून तो इथे थोडक्यात सांगतो. बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड असते, तर मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी समोरून आदळली तर साधारण एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. एवढ्या वेळात सात किलोच्या बाळाला रोखून धरायला सरासरी शंभर किलोच्या आसपास बळ लागते, आणि क्षणभर तर त्याहून कितीतरी जास्त. आईच्या हातांना हे शक्य नाही. मांडीवरचे बाळ म्हणजे न बांधलेले बाळ. पुढे तोंड करून पट्ट्यांनी बांधले, तर धड अडकते आणि डोके मात्र पुढे फेकले जाते, म्हणजे सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर तोच जोर आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाची पाठ, मान आणि डोके यांवर एकसारखा पसरतो. स्वीडनमधले संशोधक बर्टिल आल्डमन यांना १९६० च्या दशकात ही कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली, आणि त्या देशात आजही मुले साधारण चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात. युरोपच्या २०१३ पासूनच्या नव्या मानकाने पंधरा महिन्यांपर्यंत हे बंधनकारक केले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सल्ला दिला की, आसनाची उंचीची व वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल मागेच तोंड करून बसू द्यावे. पाय दुमडतात, बाळाला पुढचे काही दिसत नाही, या आपल्याकडच्या तक्रारींना अपघाताच्या हिशेबात काही वजन नाही.

आता प्रत्यक्ष गाडीत काय होते ते पाहा.

आयसोफिक्स, म्हणजे आसन थेट गाडीतल्या पक्क्या दांड्यांना अडकवण्याची सोय, नसलेल्या गाडीत आसन सीटबेल्टने जखडावे लागते. आसनाच्या बाजूंना मागे तोंड करण्यासाठी निळ्या आणि पुढे तोंड करण्यासाठी लाल खुणा असतात. पाळण्यासारख्या आसनात कमरेचा पट्टा निळ्या खाचांतून समोरून जातो आणि खांद्याचा पट्टा आसनाच्या पाठीला वळसा घालून मागून येतो. अनेक पालक दोन्ही पट्टे पुढूनच घेतात, कारण मागून घेतले तर पट्टा पुरत नाही. काही गाड्यांचा मागचा पट्टा खरोखरच अपुरा असतो, आणि हे त्यांना गाडी घेताना कोणी सांगितलेले नसते. पट्टा पुरला तरी दुसरी अडचण उभी राहते. आपल्या गाड्यांतले पट्टे सहसा फक्त झटका बसल्यावर अडकतात, एरवी हळूहळू सैल सुटत राहतात. त्यामुळे आसनावर गुडघ्याने भार देऊन पट्टा ताणायचा आणि आसनालाच दिलेल्या चापाने तो पकडायचा असतो. तो चाप कशासाठी आहे, हे मला विचारल्याशिवाय फार थोड्यांना कळले आहे.

आयसोफिक्समुळे हे सगळे सोपे होईल अशी अपेक्षा होती आणि काही प्रमाणात झालेही. पण मागच्या सीटच्या गाद्यांच्या फटीत दडलेल्या त्या दोन दांड्यांपैकी एकीलाच आसन अडकलेले मी पाहिले आहे. एका बाजूची खूण हिरवी आणि दुसरीची लाल, आणि पालक निर्धास्त. आसनाला खालून टेकू देणारा आधारपाय गाडीच्या तळाला घट्ट टेकलेला असावा लागतो. काही गाड्यांत तिथेच तळाशी सामानाचा कप्पा असतो, त्याच्या झाकणावर तो पाय टेकवलेला असेल तर धडकेत झाकण खचते. गाडीचे माहितीपुस्तक त्याबद्दल सावध करते, पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात कव्हरसकट पडून असते.

कोनाची चूक सगळ्यांत जास्त आढळते. नवजात बाळाचे आसन साधारण ४५ अंशांत मागे रेललेले असावे लागते, म्हणजे डोके पुढे पडून श्वासमार्ग दबत नाही. छोट्या हॅचबॅक गाड्यांत एवढ्या कोनाला पुढच्या सीटमागे जागा उरत नाही, म्हणून आसन उभे केले जाते, आणि मग दीड महिन्याच्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते. पुढची सीट थोडी पुढे सरकवणे हाच उपाय असतो, पण पुढे बसणारे काका कुरकुरतात. आसन नीट बसले की नाही हे पाहण्याची रीतही लोकांना उलटी माहीत असते. ते आसनाचा वरचा भाग हलवून पाहतात, आणि मागे तोंड असलेल्या आसनाचा वरचा भाग थोडा हलणारच. पट्टा जिथून आसनात शिरतो तिथे धरून हलवायचे आणि ते अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये, ही सर्वमान्य कसोटी आहे.

बाळाला बांधण्याच्या पट्ट्यांचेही तसेच. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या पातळीत किंवा किंचित खालून आले पाहिजेत, आणि गळ्याच्या हाडाजवळ चिमटीत पट्ट्याची घडी पकडता येणार नाही इतके घट्ट हवेत. आपल्याकडे बाळाला आधी दुपट्यात गुंडाळतात आणि मग आसनात ठेवतात. धडकेत ते दुपटे दबते आणि पट्टे बोटभर सैल होतात. बाळाला आधी पट्ट्यांत बांधून दुपटे वरून पांघरावे, एवढेच सांगायचे असते. पण सांगणार कोण? आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतले बकल बाळाच्या मांडीला चटका देण्याइतके तापते, हे कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात लिहिलेले मी वाचलेले नाही.

सर्वांत गंभीर चूक मात्र पुढच्या सीटवर होते. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना आणि त्याच वर्षाअखेरपासून सर्व मॉडेलांना सक्तीची झाली. मोठ्यांचे प्राण वाचवणारी ही पिशवी क्षणार्धात प्रचंड वेगाने उघडते. मागे तोंड असलेले आसन पुढे ठेवले असेल तर त्याची पाठ, म्हणजे बाळाच्या डोक्यामागचा भाग, नेमका तिच्या समोर असतो. एकटी आई गाडी चालवताना बाळ नजरेसमोर असावे म्हणून ते पुढे ठेवते, हे समजण्यासारखे आहे. पण सूर्यकिरणे अडवणाऱ्या झडपेवरच्या छोट्या चित्राने तिला हा धोका कळेल, असे गृहीत धरता येणार नाही. ती एअरबॅग बंद करण्याचे बटण अनेक स्वस्त आवृत्त्यांत नसते. ते सर्व गाड्यांना सक्तीचे करावे, ही माझी आपल्याकडे एक स्वतंत्र मागणी समजावी.

महोदय, हे ज्ञान आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. बालआसनांसाठी एआयएस-०७२ हे वाहन उद्योगाचे भारतीय मानक आहे. आपल्याच पुढाकाराने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या, गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅप चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेला ४९ गुण आहेत, आणि त्यांतले १२ केवळ गाडीत बालआसने किती नीट बसतात यासाठी आहेत. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे ठेवून धडक घेतली जाते. मानकांचे काम पाहणारी एआरएआय (वाहन संशोधन संस्था) आणि भारत एनकॅपची प्रमाणपत्रे देणारी सीआयआरटी (केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था) या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. म्हणजे चाचणीच्या दालनात प्रशिक्षित माणूस आसन काटेकोरपणे बसवतो, त्याचे तारे जाहिरातीत झळकतात, आणि तीच गाडी घेणारे आईवडील दवाखान्याच्या दारात, हातात तीन दिवसांचे बाळ घेऊन, इंग्रजी माहितीपत्रक उलटसुलट करत असतात. पंचतारांकित गाडीतले सैल आसन किती ताऱ्यांचे, याचे उत्तर कोणत्याही अहवालात मिळत नाही.

अमेरिकेत यावर काढलेला उपाय फारसा खर्चिक नाही. तिथे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणित झालेले तंत्रज्ञ असतात आणि अग्निशमन केंद्रे, रुग्णालये, पोलीस ठाणी अशा ठिकाणी आसन तपासून देण्याची सोय असते. चांगला तंत्रज्ञ स्वतः आसन बसवून देत नाही. तो पालकांकडून बसवून घेतो, कारण पुढच्या वेळी तो त्यांच्या सोबत नसणार. आपल्याकडे याची सुरुवात गाडीच्या विक्रीपासून करता येईल. नवी गाडी घेताना हार, नारळ, पेढे आणि फोटो यांना शोरूममध्ये हमखास वेळ मिळतो, आणि मिळावाही. त्याच वेळी ज्या घरात लहान मूल आहे किंवा येणार आहे त्यांना आयसोफिक्सच्या दांड्या कुठे आहेत, मागचा पट्टा बालआसनाला पुरतो का आणि एअरबॅग कशी बंद करायची हे दाखवून देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले, तर त्यात अर्धा तासही जाणार नाही. जुन्या गाड्यांसाठी प्रत्येक आरटीओत महिन्यातून एक दिवस अशी तपासणी मोफत ठेवता येईल. मोटार वाहन निरीक्षकांना त्याचे प्रशिक्षण सीआयआरटीत देता येईल. पालकांना मात्र तिथे दंडाची भीती वाटता कामा नये. चुकीचे आसन घेऊन आलेल्याला चलन मिळाले, तर दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकणार नाही.

आसनाबरोबरचे माहितीपत्रकही ग्राहकाच्या भाषेत आणि मुख्यतः चित्रांत असावे, अशी अट मान्यता देतानाच घालता येईल. ऑनलाइन दुकानांतून बालआसनाच्या नावाखाली नुसत्या कापडी पट्ट्यांचे जे प्रकार विकले जातात, त्यांच्यावर मान्यतेची खूण आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच टाकावी.

बहुसंख्य कुटुंबे दुचाकीवर फिरत असताना कारसीटची चिंता कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण दुचाकीवरच्या लहान मुलांसाठी आपल्या मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये शिरस्त्राण, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा स्वतंत्र नियम केलेलाच आहे. एका मुलाच्या सुरक्षिततेने दुसऱ्याची कमी होत नाही. भाड्याच्या टॅक्सीतून बाळ नेणाऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यांना दर वेळी अनोळखी गाडीत, चालक घाई करत असताना, काही मिनिटांत आसन जखडावे लागते. ज्यांनी ते एकदा जाणकाराच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांनाच हे जमते.

समृद्धी महामार्ग आता नागपूरपासून मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण खुला झाला आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग मान्य आहे. माहेरून सासरी जाणारी तान्ही बाळे आता त्या वेगाने प्रवास करतात. म्हणून या व्यवस्थेची पहिली चाचणी पुणे आणि नागपूर येथील आरटीओंत, सीआयआरटीच्या मदतीने, सहा महिन्यांसाठी घ्यावी. किती आसने आली आणि त्यांतली किती चुकीची निघाली याची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी. आणि त्या आकड्यांवरून देशभराचा नियम ठरवावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. या कामासाठी पुण्यात विनामोबदला प्रशिक्षण देण्यास माझ्यासारखे अनेक अभियंते आनंदाने तयार होतील. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक वाहन अभियंता